रात्रभराच्या रांगेत उशिरा येणाऱ्या मैत्रिणीसाठी जागा धरणे योग्य ठरेल का?

सड्यावरची (कणकवली), १५ डिसेंबर २०२४

नमस्कार. कोल्डप्ले या बँडचे कार्यक्रम १८, १९ आणि २१ जानेवारीला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये होणार आहेत, हे येथील बहुतेकांना ठाऊक असेल. २२ सप्टेंबरला तिकीटविक्री सुरू झाली, तेव्हा मी कणकवलीत आणि माझी मैत्रीण खारघरला, अशा दोघी आपापला फोन धरून बसलो होतो. माझ्यापुढे लाखो लोक होते, तिचा नंबर आधी लागला आणि तिने रविवारची, म्हणजे १९ तारखेची, मैदानात उभे राहण्याची दोन तिकिटे काढली. त्या क्षणी तिने मला फोन केला तेव्हा आम्ही दोघी बराच वेळ काही बोलूच शकलो नाही.

या बँडचे आणि आमचे नाते रत्नागिरीच्या कॉलेजच्या दिवसांपासूनचे आहे. संध्याकाळी मांडवीच्या धक्क्यावर बसून आम्ही एकाच इअरफोनची दोन टोके दोघींच्या कानात घालून ही गाणी ऐकत असू. तो इअरफोन तिचा होता आणि त्याचा उजवा भाग नीट वाजत नसे, म्हणून प्रत्येक गाणे संपले की आम्ही उठून एकमेकींच्या जागेवर बसत असू, जेणेकरून चांगला कान दोघींच्याही वाट्याला यावा. आता बारा वर्षांनी हा बँड कोकण रेल्वेच्या एका रात्रीच्या अंतरावर येत आहे आणि आम्हाला अगदी पुढे, कठड्याला हात टेकून उभे राहायचे आहे. मैदानातील तिकिटावर आसन क्रमांक नसतो. जो आधी आत जाईल, तो पुढे उभा राहील. त्यासाठी शनिवारी रात्रीपासूनच दरवाज्याबाहेर रांगेत बसावे, असे तिचे म्हणणे आहे.

अडचण माझी आहे. मी बँकेत नोकरी करते आणि १८ जानेवारी हा तिसरा शनिवार असल्याने त्या दिवशी बँक चालू आहे. काम संपवून मी रात्री कोकणकन्या पकडली, तर पहाटे पनवेलला उतरेन आणि तेथून लोकलने नेरूळला पोहोचेपर्यंत उजाडायला आलेले असेल. मैत्रीण म्हणते, ‘तू सावकाश ये, मी रात्रभर बसते आणि तुझी जागा धरून ठेवते.’ तिला यात काहीच गैर वाटत नाही. मला मात्र वाटते, की माझ्यामागे रात्रभर जे लोक बसलेले असतील, त्यांच्या डोळ्यांदेखत मी पहाटे येऊन त्यांच्या पुढे उभी राहणे बरोबर होणार नाही. ज्यांनी अशी रांग अनुभवली आहे, त्यांनी कृपया मनापासून सांगावे. शिवाय दोन मुलींनी अशी रात्र बाहेर काढताना काय काळजी घ्यावी, हेही सुचवावे.

खाडीकाठ (नेरूळ, मूळ गाव गुहागर)

आपला प्रश्न नीतीचा आहे, पण त्याआधी एक व्यावहारिक बाब ध्यानात घ्यावी, कारण तिच्यामुळे प्रश्नाचे स्वरूपच बदलते. १८ तारखेला त्याच स्टेडियममध्ये पहिला कार्यक्रम आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत वाजवता येत नाही आणि रात्री बारापर्यंतची सवलत वर्षातील मोजक्याच दिवसांना मिळते. म्हणून येथील असे कार्यक्रम दहाच्या आसपास संपतात. त्यानंतर हजारो माणसे एकाच वेळी त्याच दरवाज्यांतून बाहेर पडतात, रिक्षा शोधतात, नेरूळ स्टेशनाकडे पायी निघतात. ही गर्दी ओसरेपर्यंत पोलीस आणि सुरक्षारक्षक दरवाज्यासमोर कोणाला बसू देतील, अशी आशा करू नये. म्हणजे रविवारची रांग शनिवारी संध्याकाळी लागणारच नाही. ती लागली तर मध्यरात्रीच्या सुमारास लागेल. आपल्या मैत्रिणीने सायंकाळी सातपासून तेथे जाऊन थांबणे हे केवळ पायांना शिक्षा देण्यासारखे होईल.

दुसरे असे, की आयोजक रात्रीची रांग मान्य करतात की नाही, हे त्यांच्या अधिकृत सूचनेत पाहावे. पुष्कळदा ठराविक वेळेआधी परिसरात थांबू नये, असे सांगितलेले असते. तशी सूचना असेल, तर रात्रभर बसलेल्यांना पहाटे उठवले जाते आणि मग सकाळी जो धावत पुढे येईल तो पहिला, असा अन्याय होतो. दरवाजे एकाहून अधिक असतात, म्हणून आपल्या तिकिटावर कोणता दरवाजा लिहिला आहे, तेही आधीच पाहून ठेवावे. चुकीच्या दरवाज्यासमोर रात्र काढलेली माणसे मी पाहिली आहेत आणि सकाळी ते कळल्यावरचे त्यांचे चेहरे अजून आठवतात.

बारीतला माणूस (मालवण)

आपण हा प्रश्न विचारला, याचाच मला आनंद झाला, कारण बहुतेक जण तो स्वतःला विचारतसुद्धा नाहीत.

मी बँडच्या कार्यक्रमांना फारसा गेलेलो नाही, पण रांगेत रात्र काढणे हे आम्हा सिंधुदुर्गातल्या माणसांना परके नाही. मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीत भराडीदेवीची जत्रा असते, तिची तारीख पंचांगातल्या तिथीवर ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते आणि एकदा दिवस जाहीर झाला, की मुंबईहून लाखो माणसे गावाकडे निघतात. तेथील बारीत, म्हणजे दर्शनाच्या रांगेत, मी लहानपणापासून उभा राहत आलो आहे. मध्यरात्र उलटल्यावर बारीतल्या माणसांमध्ये जे नाते तयार होते, ते दिवसाच्या रांगेत होत नाही. पुढच्या बाईच्या कडेवरचे मूल झोपले म्हणजे मागचा माणूस तिची ओटीची पिशवी धरतो. कोणी पाणी प्यायला किंवा लघवीला बाजूला गेला, तर शेजारी स्वतःहून सांगतो, की येथे एक जण आहेत, ते येत आहेत. तो परत आला, की कोणी हरकत घेत नाही, कारण सर्वांनी त्याला तेथे पाहिलेले असते. पण पहाटे मुंबईहून गाडी आली आणि त्यातून उतरलेले चौघे पुढे शिरू लागले, की तीच शांत माणसे एकदम चिडतात. वेळ पाच मिनिटांचा असो की पाच तासांचा, राग त्या मोजणीतून येत नाही. तो येतो, कारण त्या चौघांना तोपर्यंत तेथे कोणीही पाहिलेले नसते.

आता याची दुसरी बाजूही सांगतो. गावच्या दशावताराला जागा धरण्याची पद्धत आमच्याकडे पूर्वीपासून आहे. देवळासमोर नाटक सुरू होते मध्यरात्रीच्या पुढे आणि संपते ते उजाडल्यावर दहीकाल्याने, पण संध्याकाळीच घराघरातून कोणीतरी पोर येऊन गोणपाट किंवा चटई अंथरून जाते. ती चटई कोणाच्या घरची आहे, हे साऱ्या गावाला माहीत असते आणि रिकामी असली तरी तिच्यावर कोणी बसत नाही. माझी आजी नाटकाला रात्री बारा वाजता, स्वयंपाकघर आवरून यायची, आणि तिची चटई पुढच्या ओळीत तिची वाट पाहत असायची. तेव्हा जागा धरणे हे मुळातच पाप आहे, असे मी म्हणणार नाही. गावात ते चालते, कारण आज त्यांनी आपली चटई राखली, तर उद्या आपण त्यांची राखणार असतो. नेरूळच्या दरवाज्यासमोर बसलेली माणसे एकमेकांना पुन्हा कधी भेटणार नाहीत. तेथे त्या रात्रीचे जागरण हीच प्रत्येकाची एकमेव चटई असते.

म्हणून माझे मत असे, की आपण पहाटे पोहोचलात, तर मैत्रिणीला भेटावे, तिला चहा द्यावा आणि मग दोघींनी मिळून रांगेच्या शेवटी उभे राहावे, किंवा तिला पुढे राहू द्यावे आणि आपण मागे राहावे. हे सांगणे सोपे आणि करणे अवघड आहे, याची मला जाणीव आहे.

पुळणीवरून (दापोली)

वरील मताशी मी पूर्णपणे सहमत नाही. एक मैत्रीण एका मैत्रिणीसाठी जागा धरते आणि मागच्या दोन-चार जणांना तसे रात्रीच सांगून ठेवते, यात लपवाछपवी नाही. त्यांनी होकार दिला, तर पहाटे येण्यात संकोच वाटू नये. एकामागे आठ जण घुसवणारे वेगळे आणि हे वेगळे.

उजाडता उजाडता (चिपळूण)

याच स्टेडियममध्ये १५ डिसेंबर २०१९ रोजी यूटू या बँडचा कार्यक्रम झाला, तेव्हा मी आणि माझा मित्र असेच पहाटेपासून बाहेर होतो. यूटूच्या चाहत्यांमध्ये जगभर एक पद्धत रूढ आहे, ती सांगितली तर आपल्या प्रश्नाला उपयोग होईल. सर्वांत आधी आलेले चाहते एक वही घेऊन बसतात. येणाऱ्या प्रत्येकाचे नाव लिहून त्याच्या मनगटावर पेनाने क्रमांक घालतात आणि दर काही तासांनी हजेरी घेतात. हजेरीला जो नसेल, त्याचे नाव खोडले जाते. मधल्या वेळात जेवायला, अंग धुवायला, थोडे झोपायला जाण्याची मुभा असते. आयोजक ही वही मानतीलच असे नाही, पण पहिल्या शंभर-दीडशे माणसांनी ती मानली, तर धक्काबुक्की पुष्कळ कमी होते. या पद्धतीत जो स्वतः आला नाही, त्याचे नाव दुसऱ्याने लिहायचे नसते, हा नियम कडक असतो. पुळणीवरून यांचा मुद्दा मला समजतो, पण मागच्या चौघांनी दिलेला होकार त्यांच्याही मागे बसलेल्या चाळीस जणांच्या वतीने दिलेला नसतो.

माझ्या मित्राचे आणि माझे त्या दिवशी याच कारणाने वाजले होते. त्याने त्याच्या आतेभावाला दुपारी बोलावून आमच्यात उभे केले. मागे एक पन्नाशीचे गृहस्थ होते, ते पहाटेपासून आमच्याशी गप्पा मारत होते, त्यांनी आपल्या डब्यातला शिरा आम्हाला दिला होता. आतेभाऊ आल्यावर ते काहीच बोलले नाहीत, मात्र त्यानंतर दरवाजा उघडेपर्यंत त्यांनी आमच्याकडे पाहिले नाही. ते मला आजही टोचते.

आणखी एक गोष्ट सुचवतो. या बँडच्या सध्याच्या दौऱ्यात मुख्य रंगमंचापासून एक लांब वाट प्रेक्षकांच्या मधून पुढे येते आणि तिच्या टोकाला दुसरा छोटा मंच असतो; शिवाय मैदानाच्या पार मागच्या भागात तिसरा लहान मंच असतो आणि काही गाणी ते तेथे येऊन वाजवतात. म्हणजे मुख्य रंगमंचासमोरचा कठडा हीच एकमेव चांगली जागा नव्हे. मधल्या मंचाच्या बाजूचा कठडा दरवाजा उघडल्यानंतर बराच वेळ मोकळा असतो, असा इतर कार्यक्रमांतील माझा अनुभव आहे. आपण मध्यरात्रीऐवजी पहाटे सहाला दोघी मिळून रांगेत उभ्या राहिलात, तरी ती जागा मिळण्याची शक्यता पुष्कळ आहे. आत गेल्यावर मुळीच धावू नका. सुरक्षारक्षक धावणाऱ्यांना थांबवतात आणि पडलात तर पाठीमागची माणसे थांबू शकत नाहीत. हात धरून भरभर चाला. मैदान भरले, की फोनला रेंज मिळत नाही, त्यामुळे चुकामूक झाली तर कोठे भेटायचे, ते बाहेरच ठरवून घ्या.

आगळाची बाटली (वेंगुर्ला)

मी वयाने आपल्यापेक्षा बरीच मोठी आहे आणि माझ्या लेकीला अशाच एका कार्यक्रमासाठी डबा बांधून दिला होता, तेव्हा जे शिकले ते लिहिते.

रांगेतल्या मुली पाणी पीत नाहीत, कारण स्वच्छतागृह लांब असते. ही सर्वांत मोठी चूक आहे. रात्र कोरडी काढली आणि मग दुपारचे ऊन लागले, की संध्याकाळी पहिल्या गाण्यालाच चक्कर येते आणि रक्षकांना तुम्हाला उचलून कठड्याबाहेर काढावे लागते; सगळी रात्र वाया जाते. दोघी आहात, तर एकीने बसावे आणि दुसरीने जाऊन यावे, यासाठीच तर सोबत असते. कोकमाचे आगळ (घट्ट रस), साखर आणि मीठ पाण्यात घालून प्लास्टिकच्या बाटलीत न्या आणि थोडे थोडे पीत राहा. दरवाज्यातून बाटल्या आत नेऊ देत नाहीत, म्हणून रांग हलू लागली, की उरलेले पिऊन टाका.

डब्यात तांदळाची भाकरी देऊ नका, ती सकाळपर्यंत वातड होते. तेल घातलेल्या घडीच्या पोळ्या, सुक्या बटाट्याची भाजी, शेंगदाण्याचे लाडू आणि जत्रेतले खाजे न्या. खाजे पिशवीच्या तळाशी राहिले तरी काही बिघडत नाही आणि आजूबाजूच्या माणसांना वाटता येते. ओल्या नारळाचे काही नेऊ नका. जानेवारीतली नवी मुंबईची पहाट आपल्या किनाऱ्यापेक्षा गार असते आणि बसलेल्या माणसाला ती अधिक लागते, म्हणून जुनी गोधडी न्या, जी नंतर कोणाला देऊन टाकता येईल. खाडी जवळ आहे, तेव्हा डासांचे मलम विसरू नका.

सुरक्षिततेबद्दल सांगायचे, तर दिव्याखाली आणि इतर मुलींच्या गटाशेजारी बसा, दोघींनी एकाच वेळी झोपू नका आणि ११२ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक लक्षात ठेवा. घरच्यांना दर दोन तासांनी एक निरोप पाठवा. तुमची आई काही बोलली नाही, तरी ती जागीच असणार आहे.

खाडीकाठ (नेरूळ, मूळ गाव गुहागर)

परतीचा विचार केला आहे का? कार्यक्रम दहाच्या सुमारास संपला, तर नेरूळहून लोकलने पनवेल गाठून कोकणकन्या किंवा तुतारी मिळू शकते. मात्र कोकणकन्या मुंबईहून १९ तारखेला निघत असली, तरी पनवेलला ती मध्यरात्रीनंतर येते आणि तुतारी तर दादरहूनच मध्यरात्रीनंतर सुटते, म्हणजे पनवेलहून चढायचे तिकीट २० तारखेचे काढावे लागते. येथे अनेकांची फसगत होते आणि हातात आदल्या दिवशीचे तिकीट घेऊन माणसे फलाटावर उभी राहतात. नोव्हेंबरपासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते, म्हणजे आपल्या तारखांचे आरक्षण केव्हाच उघडले आहे. विलंब करू नये.

येण्याबाबतही सुचवतो. शनिवारी दुपारनंतर सुटता आले, तर कणकवलीला वंदे भारत थांबते आणि ती रात्रीच पनवेलला पोहोचवते. पूर्ण दिवस मिळाला, तर सकाळची मांडवी एक्सप्रेस आहे. दोन्हींपैकी काहीही जमले, तरी खारघरला मैत्रिणीच्या घरी जेवून, तास-दोन तास पाठ टेकून, मध्यरात्री दोघी एकत्रच नेरूळला जाऊ शकाल. मग जागा धरण्याचा प्रश्नच उरत नाही.

सड्यावरची (कणकवली), १८ डिसेंबर २०२४

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार मानते. १८ तारखेच्या कार्यक्रमामुळे रांग मध्यरात्रीआधी लागणारच नाही, हे आम्हा दोघींच्याही ध्यानात आले नव्हते.

काल रात्री मी मैत्रिणीला फोन करून हे सर्व प्रतिसाद वाचून दाखवले. शिरा देणाऱ्या गृहस्थांविषयी वाचले तेव्हा ती गप्प झाली. मग म्हणाली, की जागा धरते असे ती बोलून बसली खरी, पण रात्रभर एकटीने फुटपाथवर बसण्याची तिला भीती वाटत होती आणि मला वाईट वाटू नये म्हणून ती ते सांगत नव्हती. मला तर उलट वाटत होते, की तिला एकटीला बसायला काहीच वाटत नाही आणि मीच तिच्या मार्गात आडवी येते आहे. पुळणीवरून यांनी लिहिल्याप्रमाणे मागच्यांना सांगून ठेवण्याचा विचार आम्ही केला, पण दोघींनाही तो मनापासून पटला नाही.

आज सकाळी मी बँकेत सहकाऱ्याशी बोलले. शिमग्याला माझी रजेची पाळी होती, ती मी त्याला दिली आणि त्याच्या बदल्यात शनिवार, १८ जानेवारीचा पूर्ण दिवस मला मिळाला. शिमग्याला पालखी आमच्या दारात येते, त्या दिवशी मी घरी नसणार, हे आईला सांगताना मला फार जड गेले. ती थोडा वेळ काही बोलली नाही आणि मग तिने विचारले, की खाजे किती द्यायचे.

मांडवीचे तिकीट काढले आहे, ते प्रतीक्षा यादीत चौदावे आहे. पक्के झाले नाही, तर शुक्रवारी रात्रीच्या बसने निघेन. परतीचे तिकीट पनवेलहून २० तारखेचेच काढले. मध्यरात्रीच्या आधी आम्ही दोघी नेरूळला एकत्र पोहोचू आणि तेव्हा जेथे रांगेचे शेवटचे टोक असेल तेथे बसू. मैत्रिणीने तो जुना इअरफोन अजून ठेवला आहे, तो ती घेऊन येणार आहे. त्याचा उजवा भाग आता अजिबात वाजत नाही.